म्हशी, मेंढ्या आणि खिडक्या

म्हशी सगळ्या काळ्या असतात, म्हणून सगळ्या आपल्याच असतात असं नाही. चाकणच्या बाजारात जनावर घेऊन उभ्या असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पण त्याच चाकणपासून तळवडे, हिंजवडीपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात असे कितीतरी सुशिक्षित लोक आहेत, ज्यांच्यासमोर दिवसभर सहा-सहा काळ्या म्हशी ओळीनं बसलेल्या असतात आणि आपण नेमकी कुणाची धार काढतोय याचा त्यांना पत्ता नसतो. हे लोक म्हणजे सॉफ्टवेअरवाले आणि म्हशी म्हणजे त्यांच्या कोड एडिटरच्या खिडक्या. पांढरा पडदा डोळ्यांत खुपतो, म्हणून सगळीकडे डार्क थीम. एका खिडकीत गाडीच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, दुसरीत तोच प्रोग्रॅम पण दुसऱ्या ग्राहकाचा, तिसरीत त्याची चाचणीची प्रत, चौथीत ज्याच्या जिवावर या क्षणी कुठेतरी खरी असेंब्ली लाइन चालू आहे तो, पाचवीत मागच्या वर्षी पुरलेलं आणि परवा पुन्हा उकरलेलं काम. सहावी कशासाठी उघडली होती ते आठवत नाही, म्हणूनच ती बंद करायची हिंमत होत नाही. रंग एक, अक्षर एक, खाली टास्कबारवरचं चिन्हही एक. त्यामुळे अलीकडे काहींनी या खिडक्यांना वरच्या बाजूनं रंगाची पट्टी मारायला सुरुवात केली आहे: एकीला हिरवी, एकीला जांभळी, एकीला लालभडक. शेजारच्या टेबलावरचे याला पोरकटपणा म्हणतात, आणि दिवाळी जवळ असली तर रांगोळीची ऑर्डरही देतात. माझं म्हणणं असं की, त्या संगणकावरची सगळ्यात प्रौढ गोष्ट ती पट्टीच आहे. वाईट एवढंच वाटतं की, दहा-पंधरा किलोमीटरवरच्या भोसरीतल्या टर्नरला जे कधीचं माहीत आहे, ते इथपर्यंत पोचायला इतका वेळ लागला.

आधी हा रंग चढतो कसा ते पाहू. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर आणला आणि पुढे जॉन पापा या प्रोग्रॅमरनं त्यासाठी ‘पीकॉक’ नावाचं एक्स्टेन्शन लिहिलं. पीकॉक म्हणजे मोर. नावातच पिसारा आहे. हे एक्स्टेन्शन कोडच्या एका अक्षराला हात लावत नाही. खिडकीच्या वरची पट्टी, डावीकडची उभी पट्टी आणि तळाची स्थितीदर्शक पट्टी, एवढ्यांनाच ते रंगवतं आणि तो रंग त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या सेटिंग्जच्या फाइलीत लिहून ठेवतं. तो प्रोजेक्ट पुन्हा उघडला की तोच रंग. जेटब्रेन्सच्या एडिटरांमध्ये अशी सोय घरचीच आहे. डेटाबेस हाताळायच्या डीबीव्हरमध्ये जोडणी करताना ती डेव्हलपमेंटची, चाचणीची की प्रॉडक्शनची, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेल्या कामाची, हे सांगता येतं, आणि प्रॉडक्शन म्हटलं की पडद्याला लाली येते. म्हणजे हत्यार बनवणाऱ्यांनी एक गोष्ट मुकाट्यानं मान्य केलेली आहे: आपलं गिऱ्हाईक कितीही हुशार असलं, तरी आपण कुठे आहोत हे ते दर दहा मिनिटांनी विसरतं.

आता कारखान्यात चला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीत शेड उभ्या राहत गेल्या, आणि २००९ पर्यंत चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखानेही आले. यांतल्या कुठल्याही शॉप फ्लोअरवर पाऊल टाका, तिथे मजकूर कमी आणि रंग फार. चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. चांगला माल हिरव्या बिनमध्ये, शंकास्पद पिवळ्या बिनमध्ये, आणि रिजेक्शनची बिन लाल. बऱ्याच ठिकाणी तिला कुलूपही असतं, कारण फेकायचा जॉब पुन्हा लाइनवर कसा चालत येतो हे कोडं अजून कुणालाच सुटलेलं नाही. बोल्टला ठरलेला टॉर्क दिला की त्यावरून खालच्या भागापर्यंत पेंट मार्करची एक सलग रेघ ओढतात. उद्या रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला हे पाना न लावता कळतं. छताखालून जाणाऱ्या पाइपांचे रंगही कुणाच्या लहरीवर सोडलेले नाहीत. त्यासाठी आयएस २३७९ हे भारतीय मानक आहे: पाणी असेल तर समुद्री हिरवा, हवा असेल तर आकाशी, तेलाला फिकट तपकिरी, आम्लाला गडद जांभळा. फिटरनं पाइपवर चढण्याआधी आत काय आहे ते ओळखावं, कापल्यावर नव्हे, एवढाच त्यामागचा हेतू.

पण मला सगळ्यात आवडतो तो गो–नो गो प्लग गेज. वीतभर लांबीची मूठ आणि तिच्या दोन टोकांना दोन पोलादी दंडगोल. भोक बरोबर असेल तर ‘गो’ बाजू आत सरकते आणि ‘नो गो’ बाजू अडते. ‘नो गो’ आत गेली, तर भोक मोठं झालं, जॉब बाद. दोन्ही टोकांच्या व्यासात फरक काही शतांश मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडं. माप मुठीवर कोरलेलं असतं, स्पष्ट असतं, आणि पहिल्या जॉबनंतर ते कुणीही वाचत नाही. तिसऱ्या पाळीत पहाटे चार वाजता, हाताखालून शेकडो जॉब गेल्यावर, ऑपरेटर कुठली बाजू कुठली हे कसं ओळखतो? ‘नो गो’ बाजूला लाल रंगाची रेघ असते. तीही पुरेशी नाही असं समजून ते टोक आखूडही ठेवतात. ज्यानं हे गेज घडवलं, त्यानं ऑपरेटरच्या हुशारीवर अविश्वास दाखवलेला नाही. पहाटेचे चार वाजतात, हे त्यानं लक्षात घेतलं, इतकंच.

खिडक्या रंगवण्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: खिडकीवर प्रोजेक्टचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचता येत नाही का? वाचता येतं, पण दोन अडचणी आहेत. पहिली नावांची. आपल्याकडे फोल्डरला नाव ठेवताना आधी ग्राहक, मग विभाग, मग उपविभाग, आणि खरा फरक शेवटच्या चार अक्षरांत. टास्कबार पहिली दहा-बारा अक्षरं दाखवतो आणि पुढे तीन टिंबं देऊन मोकळा होतो. त्यामुळे बहुतेक खिडक्यांवर एकच नाव दिसतं, वेगळेपण टिंबांत बुडालेलं. शेवट दिसला, तरी तो बहुधा ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हाच’ असा असतो. दुसरी अडचण डोळ्यांची. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये मांडलेला सिद्धान्त मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे: हिरव्यांच्या गर्दीत एक लाल ठिपका शोधायचा असेल, तर गर्दी पाच ठिपक्यांची असो की पन्नासांची, शोधायला वेळ जवळपास तेवढाच लागतो; तो आपण शोधत नाही, तोच डोळ्यांत भरतो. वाचनाचं तसं नाही. नाव शोधायचं तर एकेका पाटीपाशी थांबावं लागतं. शिवाय ते वाचायचं आहे हे आधी आठवावं लागतं, आणि जो चुकीच्या खिडकीत टाइप करत असतो, त्याला आपण चुकीच्या खिडकीत आहोत अशी शंकाच आलेली नसते. शंका आली असती तर त्यानं वाचलं नसतं का?

पुरावा हवा असेल तर कोड सांभाळण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा आहे, आणि त्या कंपनीचं कौतुक असं की, तो तिनं स्वतःच जगासमोर ठेवला. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचं एक फोल्डर रिकामं करायचं होतं. फोल्डर रिकामं झालं, पण मुख्य सर्व्हरवरचं. दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं. तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या निरनिराळ्या सोयी होत्या, पण त्या वेळी त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही, आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. आता ‘नाव वाचता येत नाही का’ म्हणणाऱ्यांनी त्या दोन सर्व्हरांची नावं ऐकावीत. एकाचं डीबी१ आणि दुसऱ्याचं डीबी२. नाव समोर होतं, स्वच्छ होतं, आणि फरक एका आकड्याचा होता. रात्री उशिरापर्यंत अडलेलं काम रेटणाऱ्या माणसाला एक आणि दोन यांतला फरक दिसला नाही, यात नवल काय? त्यानंतर उपाय सुचवले गेले, त्यांत मोठमोठे होतेच, पण एक साधाही होता: टर्मिनलच्या ओळीला रंग द्या, प्रॉडक्शनला लाल आणि चाचणीला पिवळा. म्हणजे सगळी चौकशी फिरून शेवटी आपल्या भोसरीच्या गेजवरच्या लाल रेघेशी येऊन थांबली.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे. रंगीत पट्ट्या बालवाडीत ठीक. व्यावसायिक माणसाला शिस्त हवी, लक्ष हवं. या आक्षेपाचं उत्तर जपानात १९६० च्या दशकातच देऊन झालं आहे. शिगेओ शिंगो या अभियंत्यांनी जोडणीतल्या चुका मुळातच होऊ नयेत म्हणून ज्या युक्त्या बसवल्या, त्यांना आधी ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. म्हणजे मूर्खापासून बचाव. एका कामगार बाईंना हे नाव लागलं आणि त्या दुखावल्या. तेव्हा शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं; पोका म्हणजे नजरचूक. युक्ती तीच राहिली, पण माणसाच्या कपाळावरचा शिक्का निघाला. आज चाकणच्या कुठल्याही ऑडिटमध्ये ‘पोका-योके काय लावलंय?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि ‘आमची माणसं लक्ष देऊन काम करतात’ हे उत्तर दिलं तर ऑडिटर ते नॉन-कन्फॉर्मिटी म्हणून लिहून घेतो. ‘यापुढे काळजी घेऊ’ हे वाक्य कारखान्यात उपाय म्हणून चालत नाही. सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये मात्र ते अजून टाळ्या घेतं. आणि बालवाडीचंच म्हणाल, तर मेंढपाळाकडे पाहा. चारशे मेंढ्यांतली आपली मेंढी तो चेहऱ्यावरून ओळखतो, तरीही कळप एकमेकांत मिसळायची वेळ येण्याआधीच पाठीवर रंगाचा ठिपका मारून ठेवतो. त्याला मेंढ्या ओळखता येतात यावर त्याचा विश्वास आहे. वाद झाला तर समोरच्याला ओळखता येतील यावर नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. काही माणसांना, त्यातही पुरुषांत अधिक, लाल आणि हिरवा यांत फरक करणं अवघड जातं. त्यांच्यापुढे लाल-हिरव्या खिडक्या ठेवणं म्हणजे पुन्हा दोन म्हशीच. याचं उत्तर गेजनं देऊन ठेवलंय: रेघ लाल तर आहेच, पण टोक आखूडही आहे. रंगाला आकाराची जोड द्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांत वैमानिक उतरल्यावर पंखांची फ्लॅप मिटवायला जात आणि चाकंच मिटवून बसत, कारण दोन्ही कळा शेजारीशेजारी आणि सारख्याच. आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं एका कळीला रबरी चाक आणि दुसरीला पाचरीसारखा तुकडा बसवायला सुचवलं. हाताला चाक लागलं की ही चाकांची कळ. डोळे मिटलेले असले तरी चालेल. एडिटरमध्येही हे जमतं. लाल पट्टीबरोबर खिडकीच्या नावाच्या अगदी सुरुवातीला ‘लाइव्ह’ असा शब्द टाका, म्हणजे टास्कबारची तीन टिंबं यायच्या आत तो दिसेल. ज्याला रंग दिसतो तो रंगानं सावध होईल, ज्याला दिसत नाही तो शब्दानं, आणि ज्याला दोन्ही दिसत नाही त्यानं घरी जाऊन झोपावं.

चौथा आक्षेप माझाच आहे, आणि तो रंगप्रेमींवर आहे. एकदा पिसारा फुलवायची सवय लागली की माणूस थांबत नाही. पीकॉकमध्ये तर ‘कुठलाही एक रंग देऊन मला चकित कर’ अशा अर्थाची आज्ञासुद्धा आहे. कारखान्यात हवेच्या पाइपला कुणी असा चकित करणारा रंग दिला, तर पहिला चकित होणारा माणूस दवाखान्यात असेल. सहा प्रोजेक्टांना सहा रंग लक्षात राहतात; सोळा झाले की निळसर हिरवा कुठला आणि हिरवट निळा कुठला यावर साडीच्या दुकानात होतो तसा वाद होतो, आणि तो सोडवायला भिंतीवर तक्ता लावावा लागतो. तक्ता आला की पुन्हा वाचन आलं. दुसरा घोटाळा नकलेचा. रंग फोल्डरमधल्या फाइलीत राहतो, त्यामुळे जुना प्रोजेक्ट कॉपी करून नवा सुरू केला की जुन्याचा रंगही सोबत येतो, आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच साडीत उभ्या राहतात. ती फाइल चुकून सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये गेली, तर सकाळी आख्ख्या टीमच्या खिडक्या गुलाबी, आणि पहिली मीटिंग ‘हे कुणी केलं’ यावर. शिवाय रंगाचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. हेल्मेटच पाहा: एका साइटवर हिरवं म्हणजे सुरक्षा अधिकारी, दुसऱ्या साइटवर ते आणखी कुणाचं तरी, ठेकेदाराचा माणूस गेट बदलतो तशी त्याच्या डोक्यावरच्या रंगाची भाषा बदलते.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रंग दोन उलट कामं करतो: तो माणसांना एकत्रही आणतो आणि वेगळंही काढतो. नवरात्रात वर्तमानपत्रातला तक्ता पाहून आख्खं ऑफिस एका दिवशी पिवळं होतं, तेव्हा अकाउंट्स कुठलं आणि एचआर कुठलं हे कळत नाही, आणि कळू नये हीच त्यातली मजा. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा पताका सगळ्यांच्या भगव्याच. म्हणून तिथे दिंडी ओळखायला रंग नाही, रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक लागतो. उलट याच पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत कायम कामगाराचा गणवेश एका रंगाचा आणि कंत्राटी कामगाराचा दुसऱ्या, गळ्यातल्या ओळखपत्राची फीतही वेगळी. तिथे रंगानं कुठला अपघात टळतो हे कुणी सांगू शकणार नाही, पण कॅन्टीनमध्ये कोण कुठल्या टेबलावर बसणार ते मात्र न बोलता ठरतं. म्हणून माझी कसोटी अशी: रंगामुळे एखादी चूक टळत असेल तर तो द्यावा. नुसता फरक दिसावा म्हणून द्यायचा असेल, तर डबा बंद करून ठेवावा.

शेवटचा आक्षेप सवयीचा. लाल रोज पाहिला की लाल दिसेनासा होतो. चाकणच्या तळेगाव चौकात सिग्नलचं जे होतं, तेच खिडकीचं होईल. खरं आहे, पण त्याचा दोष लालवर नाही, तो जागोजागी वापरण्यावर आहे. ज्या कारखान्यात प्रत्येक बिन लाल, तिथे रिजेक्शनची बिन नसतेच. लाल रंग दुर्मीळ ठेवला तरच त्याचा वचक राहतो. कोड आवडला नाही म्हणून लाल, बॉसचा प्रोजेक्ट म्हणून लाल, किंवा तो रंग बरा दिसतो म्हणून लाल, हे बंद झालं पाहिजे. लाल म्हणजे ‘इथे बोट चुकलं तर दुसऱ्या कुणाची तरी लाइन थांबेल’ एवढंच. बाकी खिडक्यांना पिवळा, हिरवा, काय हवं ते द्या, किंवा काहीच देऊ नका. चूक झालीच तर तिथे आपलंच नुकसान होईल आणि आपल्याला त्याची सवय आहे.

तेव्हा वाचकांपैकी जे या धंद्यात आहेत, त्यांना विनंती एवढीच. आज संध्याकाळी कंपनीची बस पकडण्याआधी पाच मिनिटं काढा. उघड्या खिडक्यांपैकी जिच्यात चूक केली तर उद्या ग्राहकाचा फोन येईल, ती एकच शोधा, तिला लाल पट्टी मारा, नावाच्या आधी ‘लाइव्ह’ लिहा, आणि तो लाल रंग दुसऱ्या कुठल्याही खिडकीला देऊ नका. बाकीच्या म्हशी काळ्याच राहू द्यात.